पीएचपीचा फॉर्म मराठी नाव घेत नाही, घेतलं तर प्रश्नचिन्हं दिसतात. काय करावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: खानापूर तालुक्यातल्या वाचनालयाच्या निबंध स्पर्धेसाठी पीएचपीत (वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंगची भाषा) नोंदणीचा फॉर्म केलाय. इंग्रजीत नाव टाकलं तर जातं, मराठीत टाकलं की 'नाव चुकीचं आहे' म्हणतो. तपासणी काढून टाकली तर डेटाबेसच्या टेबलात नुसती प्रश्नचिन्हं, वर एकेका मुलाच्या तीन-तीन नोंदी. मी बेळगावात शहापूरला बसून असलीच कामं करतो. या तिन्ही खड्ड्यांत पडून झालंय माझं.

आधी नाव. तपासणीचा पॅटर्न, म्हणजे नावात कुठली अक्षरं चालतील ते सांगणारा साचा, तुम्ही कुठून तरी उचललेला दिसतो, ए ते झेड आणि स्पेस. त्यात आपली अक्षरं बसायची कशी? बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात मोठा एल लिहिलात की कुठल्याही लिपीचं अक्षर चालतं, म्हणजे कानडीत नाव भरणाराही अडत नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर 'कमल' जाईल आणि 'सुनीता' अडकेल. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) हिशोबात काना, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, चिन्हं. त्यांच्यासाठी तसाच मोठा एम लागतो. एल, एम आणि स्पेस एकाच चौकटी कंसात घाला आणि पॅटर्नच्या शेवटी छोटा यू लावा, तो नसला की सगळं फुकट.

एवढं करून मी खूश होतो, आणि एका 'कुऱ्हाडे' आडनावानं फॉर्म अडवला. दुसरा कुऱ्हाडे मात्र सरळ आत गेला! बघितलं तर एकाच्या कीबोर्डनं ऱ्ह लिहिताना खाली टिंब असलेला ऱ वापरलेला, दुसऱ्याच्या कीबोर्डनं साध्या र ला हलन्त देऊन मागे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं बिनरुंदीचं चिन्ह, घातलेला. हा जॉइनर डोळ्यांना दिसत नाही, आणि तो एलमध्येही येत नाही, एममध्येही नाही. त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते: बॅकस्लॅश एक्स, महिरपी कंसात २००डी.

नावाच्या लांबीवर मर्यादा ठेवली असेल तर स्ट्रलेन या फंक्शनने मोजू नका. तो बाइट मोजतो, 'बेळगाव' म्हणजे त्याच्या लेखी १८. एमबी स्ट्रलेन अक्षरं आणि चिन्हं मोजून ६ सांगतो.

प्रश्नचिन्हांचं म्हणाल तर आधी पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) उघडून टेबल बघा. तिथे नावं नीट दिसत असतील तर फक्त पीएचपी आणि डेटाबेस यांच्या जोडणीचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलाय. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर ती नावं गेली, परत येत नाहीत, मुलांना फोन करावे लागतील. टेबल आणि पीडीओची (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) जोडणी दोन्हीकडे कॅरेक्टर सेट यूटीएफएट एमबीफोर करा. एकाच ठिकाणी करून भागत नाही.

आता तीन-तीन नोंदी. जांबोटी, कणकुंबीकडे रेंजचं काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू? बटण दाबलं, काही हललं नाही, माणूस परत दाबतो. मी यावर मोठी अक्कल चालवून मोबाइल नंबर युनिक केला होता, म्हणजे एका नंबरावर एकच नोंद. दुसऱ्याच दिवशी एका वडिलांचा फोन, "थोरलीचं नाव गेलं, धाकट्याचं घेईना की ओ!" घरात फोन एक आणि पोरं दोन, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून आता फॉर्म दाखवतानाच रँडम बाइट्स या फंक्शनने एक टोकन, म्हणजे दर वेळी वेगळी येणारी खूण, काढतो, लपवलेल्या फील्डमध्ये ठेवतो आणि टेबलात तो कॉलम युनिक करतो. तेच टोकन दुसऱ्यांदा आलं की डेटाबेस नाकारतो, मी 'तुमची नोंद झाली आहे' एवढंच दाखवतो. शिवाय नोंद झाली की लगेच ३०३ ने (ब्राउझरला दुसऱ्या पानावर जा सांगणारा कोड) धन्यवादाच्या पानावर पाठवायचं आणि खाली एक्झिट लिहायचं, म्हणजे पान रिफ्रेश केलं तरी फॉर्म परत जात नाही. त्याआधी एक स्पेससुद्धा छापली गेली तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही चूक येऊ शकते. फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करत असाल तर बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला बसणारी न दिसणारी खूण) करा.

तुमच्या कोडमध्ये मायएसक्यूएल क्वेरी हे जुनं फंक्शन असेल तर ते ट्यूटोरियल सोडाच. २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ते काढून टाकलंय. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात क्वेरी आणि भरलेली माहिती वेगवेगळी जाते. आणि एचटीएमएल स्पेशल चार्स (नावातल्या कोडसारख्या खुणा निरुपद्रवी करणारं फंक्शन) नाव छापताना लावा, साठवताना नको. फॉर्ममधली रिक्वायर्डची खूण (रकाना भरलाच पाहिजे ही अट) कुणीही दोन मिनिटांत काढू शकतो, तेव्हा सगळी तपासणी सर्व्हरवर परत झालीच पाहिजे.

गावाचं नाव मात्र टाइप करायला देऊ नका, यादीतून निवडू द्या. आमच्याकडे एकट्या येळ्ळूरचं येळूर, यळ्ळूर, येल्लूर असं काय काय झालं होतं, आणि तालुकावार यादी लावताना ते हातानं निस्तरायला रात्र गेली.