चाळिशीपुढचा वर्ग

बेटा, मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या वर्गावर जाताना कॉलेजातली घाई घरी ठेव. १८ वर्षांची पोरं चुकीचं उत्तरही बिनधास्त ठोकतात. पन्नाशीतल्या काकू उत्तर येत असूनही वही हाताने झाकून बसतात. त्यांना सगळ्यांसमोर उठवू नकोस, आधी दोघीदोघींत बोलू दे. माझ्या वर्गात टक्केवारी चालली होती, नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका किराणावाल्या दादांनी आपल्या उधारीचा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा कुठे मागचा बाक बोलायला लागला. मला तो दिवस अजून आठवतो. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, छापील कागद मोठ्या अक्षरात दे. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की वर्ग सकाळीच घे, पण डबे करून येणाऱ्यांना वेळ विचारून.