दशांश छाटायचा की जवळच्या पूर्णांकात आणायचा?

प्रश्न असा आहे: प्रोग्रॅमिंगच्या मराठी टिपणांत ‘फ्लोट टू इंटिजर कन्व्हर्जन’ला, म्हणजे टिंब असलेली संख्या (फ्लोट) बिनटिंबाच्या संख्येत (इंटिजर) बदलण्याला, ‘दशांशाचे पूर्णांकन’ म्हटले तर चालेल का? आणि इंटिजरला ‘पूर्णांक’ म्हणायचे की ‘पूर्ण संख्या’?

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो सोपा आहे. शाळेच्या गणितात पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३ आणि पुढच्या. उणे संख्या त्यांत येत नाहीत. प्रोग्रॅममधल्या इंटमध्ये (इंटिजरचे छोटे नाव) -३ सुद्धा बसतो, म्हणून पूर्णांकच म्हणावे. ‘दशांश’ हा शब्दही योग्य आहे. इंग्रजीत ‘डेसिमल’ दोन्हीकडे राबतो: दहाच्या पायावरच्या संख्यालेखनाला आणि टिंबानंतरच्या भागालाही. आपल्याकडे पहिल्यासाठी दशमान आणि दुसऱ्यासाठी दशांश असे दोन शब्द तयार आहेत. डेसिमलचे बायनरी (फक्त ० आणि १ वापरणारी द्विमान पद्धत) करताना दशमान, इथे दशांश. हाताशी असलेला हा फरक सोडू नये.

‘पूर्णांकन’ मात्र मला पटत नाही. हा शब्द ऐकला की ३.७ चे ४ होणार असे वाटते. सी, जावा, पायथन या तिन्ही भाषांत ३.७ थेट इंटमध्ये बदलला तर ३ मिळतो. टिंबानंतर काय होते ते बघितलेच जात नाही, ३.९९९ चेही ३ च होतात. या कृतीला मराठीत साधे क्रियापद आहे: छाटणे. ‘दशांश भाग छाटून पूर्णांक घेतला’ असे लिहिले की वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

मराठी माणसाची इथे विशेष फसगत होते असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपल्या संख्यावाचक शब्दांत आहे. ३.७५ ला आपण पावणेचार म्हणतो. पावणे हे संस्कृत ‘पादोन’वरून आले, म्हणजे पाव कमी. तोंडात चार असतात आणि यंत्र तीन देते. सव्वातीन, साडेतीन खालच्या अंकावरून बोलले जातात, तिथे कान आणि यंत्र यांचे जमते. अडीच पुन्हा वरचा: मूळ ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. शिकवताना ३.७५ हे उदाहरण जरूर घ्यावे आणि ते मोठ्याने ‘पावणेचार’ असे वाचावे. छाटणे म्हणजे काय ते तिथल्या तिथे कळते.

फ्लोअर आणि सील यांना ‘खालचा’ आणि ‘वरचा’ पूर्णांक म्हणण्याची पद्धत आहे. उणे संख्या आली की ती अडखळवते. -३.७ छाटला तर -३. पण त्याचा फ्लोअर -४. ‘खालचा’ म्हटल्यावर पुष्कळांच्या मनात -३ येतो, कारण चारापेक्षा तीन लहान हे डोक्यात पक्के बसलेले असते. म्हणून मी संख्यारेषेवरचे शब्द वापरतो: फ्लोअर म्हणजे डावीकडचा पूर्णांक, सील म्हणजे उजवीकडचा, आणि छाटणे म्हणजे शून्याकडचा. चिन्ह कोणतेही असो, अर्थ ढळत नाही.

राहिला राउंड. त्याला ‘जवळच्या पूर्णांकात आणणे’ हे लांब वाटले तरी चोख आहे. फक्त बरोबर मध्यावर असलेल्या संख्येचे काय करायचे ते लिहावे लागते. पायथन ३ मध्ये २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४, कारण मध्यावरची संख्या सम पूर्णांकाकडे जाते. जावाच्या राउंडमध्ये २.५ चे ३ होतात, -२.५ चे -२.

हा शब्दांचा कीस नव्हे. पायथनमध्ये ०.२९ ला १०० ने गुणा: उत्तर २९ नसून २८.९९९९९९९९९९९९९६ येते, कारण ०.२९ द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. ते छाटले तर २८. जवळच्या पूर्णांकात आणले तर २९. टिपणात नुसते ‘पूर्णांकन करा’ असेल, तर विद्यार्थी यांतले कोणते करील?

छाटण्याचा दोष साठत जातो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढत आणि तीन दशांश स्थळांपुढचे अंक छाटून टाकत. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्त केल्यावर १०९८.८९२ निघाला.

म्हणून टिपणात शीर्षक ‘दशांशाचे पूर्णांकात रूपांतर’ ठेवा, आणि त्याखाली छाटणे, डावीकडचा, उजवीकडचा व जवळचा पूर्णांक अशी चार वेगळी नावे द्या.