धंदा बसलेला असताना मालकाने कामगारांसमोर कितपत आशावादी राहावं?

ठाण्यात तुमचं वर्कशॉप आहे, बारा माणसं आहेत, दोन मोठ्या पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईकं, सुटल्या आहेत. ‘मालकाने नेहमी पॉझिटिव्ह दिसलं पाहिजे’ असं कुठल्याशा शिबिरात ऐकून आलात आणि आता विचारताय की माणसांना खरं सांगावं की नुसता धीर देत राहावं.

खरं सांगा, आणि आकड्यांसकट सांगा. ‘होईल सगळं ठीक’ हे ज्या मालकाच्या तोंडी सारखं असतं त्याने हिशोबाची वही उघडायचं सोडलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. हे मत माझ्या सख्ख्या मोठ्या भावाशी भांडून झालेलं आहे आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

साकीनाक्याला आमचा बॉक्सचा धंदा. मिठाईचे खोके, औषधांचे खोके. वडिलांनी सुरू केलेला, पुढे दादा आणि मी बघायला लागलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. आमचा गाळा तळमजल्यावर आणि मिठी नदी जवळच. वर गणपती-दिवाळीचा सीझन तोंडावर, म्हणून पुठ्ठा भरून ठेवलेला. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर आत चिखल आणि कुबट वास. डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे खोक्याचा पुठ्ठा, पाणी प्यायला की आधी त्याच्या कडा वळतात, मग थर सुटतात. वरचा पांढरा पापुद्रा हातात येतो आणि खालचा करडा भाग लगदा होऊन जमिनीला चिकटतो. आमच्या थप्प्यांचे खालचे अर्धे ताव असे गेले होते. छपाईच्या ऑफसेट मशीनच्या रोलरमध्ये गाळ, त्याची मोटार पाण्यात बुडालेली, खोक्याचे आकार कापायच्या पंचिंग मशीनचं पॅनल गेलेलं.

विमा होता, पण फायर पॉलिसीतलं वादळ-पुराचं कव्हर, ज्याला एसटीएफआय म्हणतात, ते दादाने हप्ता थोडा कमी बसतो म्हणून काढून टाकलं होतं. तेव्हा तसं काढता यायचं. त्याचं म्हणणं, इतक्या वर्षांत पाणी कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही, मग आताच कशाला येईल? मी तेव्हाही नको म्हटलं होतं.

आणि याच दादाने सगळ्यांना गाळ्यासमोर उभं करून सांगितलं, “कोणी घाबरायचं नाही. गणपतीच्या आधी सगळं पहिल्यासारखं सुरू होणार.” माणसांनी माना डोलावल्या. मी त्यांचे चेहरे बघत होतो. पुठ्ठ्याचा लगदा घमेल्यात भरून बाहेर टाकत होते ते त्यांनीच ना? मोटार कोणी उघडून बघितली होती? कामगाराला मालकाच्या आधी कळलेलं असतं. कागदवाला उधारीवर माल टाकेनासा झाला, ओव्हरटाइम थांबला, मालक फोन घ्यायला बाहेर जाऊन बोलायला लागला, हे त्यांना दिसतं. अशा वेळी तुम्ही हसून ‘सगळं मस्त’ म्हणालात की ते एवढंच शिकतात की साहेब आपल्याशी खरं बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादा बँकेत गेला असताना मी खडू घेतला आणि आतल्या भिंतीवर सगळं लिहून काढलं. किती पुठ्ठा गेला, विम्याचे किती येणार (शून्य), बँकेचा हप्ता किती, मशीन दुरुस्तीचा अंदाज किती. आणि खाली, कोणत्या पार्टीकडून किती येणं आहे आणि किती महिन्यांपासून. मग म्हटलं, या महिन्याचा पगार पूर्ण मिळेल. पुढचे दोन महिने पूर्ण देता येईल असं मला दिसत नाही. ज्याला दुसरीकडे जायचं आहे त्याचा हिशोब मी आजच करून देतो, मनात काही ठेवणार नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमचे मशीनमन, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणाले की मोटार नवीन घ्यायची गरज नाही, रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, काम होईल, आणि रोलर ते स्वतः रॉकेलने धुऊन काढतील. तिथून सुरुवात झाली. अंधेरीच्या एका प्रेसमध्ये रात्रपाळी रिकामी असते हे मामांच्या मेव्हण्यामुळे त्यांना माहीत होतं. छपाई तिकडे जॉबवर्कने करून घ्यायची आणि पंचिंग-पेस्टिंग, म्हणजे कापणं-चिकटवणं, आपल्याकडे करायचं, हा मार्ग त्यांनी सुचवला. पेस्टिंगला येणाऱ्या एक मावशी भिंतीवरची यादी वाचून म्हणाल्या, “या शेठचा माणूस तर रोज नाक्यावर चहाला असतो, मी विचारते त्याला.” त्यांनी खरंच विचारलं आणि त्या पार्टीकडून अडकलेली रक्कम त्याच आठवड्यात अर्धी सुटली. दादा तिथे चार महिने फोन करत होता.

आशा म्हणतात ती मला त्या गाळ्यात दिसली. माणसाच्या हातात खरी अडचण दिली की तो तिच्यावर काम करतो. नुसता धीर दिला तर तो घरी जाऊन दुसरी नोकरी शोधतो.

दादाचा मुद्दा दोन कामगार सोडून गेले हा. त्यातला एक पंचिंगवर पक्का हात बसलेला. दादा अजूनही गणपतीत सगळे जमले की म्हणतो, “तू भिंतीवर लिहिलंस म्हणून तो गेला.” तो जाणारच होता. त्याचं घर कलिन्याला, तेही पाण्यात गेलेलं, त्याला पुढच्या आठवड्यात पूर्ण पगार हवा होता आणि तो आमच्याकडे नव्हता. आशेवर त्याला दोन महिने थांबवून मग हात वर करण्यापेक्षा त्याला वेळेत मोकळा केला हे बरोबर केलं. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मला आलं होतं. दादालाही आलं होतं, हेही सांगतो.

मालकाने स्वतः आशावादी कसं राहायचं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पुढच्या तीन महिन्यांचा एक कागद करा. कोणत्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, एवढंच. खालची बेरीज ज्या आठवड्यात उणे होते तो आठवडा तुमची खरी काळजी आहे, बाकीची काळजी सोडून द्या. मला रात्री झोप त्या कागदामुळे लागते, भाषणांमुळे नाही.

आणि वसुली करा. आपल्या मराठी धंदेवाल्यांना काम मागायची लाज नसते, केलेल्या कामाचे पैसे मागायची असते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्याची तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. समोरच्याने मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतः फोन करून तुमचं उद्यम सर्टिफिकेट मागतात. तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्या.

तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल अशी भीती सगळ्यांना असते, मलाही आहे. पण जे गिऱ्हाईक आधीच सुटलंय आणि पैसे दाबून बसलंय, त्याच्या बाबतीत ही भीती कशासाठी?

विम्याचंही बघून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक पॉलिसी मिळते आणि पुराचं कव्हर त्यात मुळातच असतं. एजंटाला वाचून दाखवायला सांगा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. ४३बी(एच) आणि ४५ दिवसांचा फायदा उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या ट्रेडिंगवाल्याला नाही. पगार अर्धा देणं हे मी माणसांशी बोलून, त्यांच्या संमतीने केलं होतं आणि राहिलेली बाकी दिवाळीपर्यंत चुकती केली. कायद्याने पगार वेळेतच द्यायचा असतो, तेव्हा मनाने असं काही करू नका, आधी सल्लागाराला विचारा. शिवाय माझी माणसं वर्षानुवर्षांची होती. तुमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी आलेली पोरं असतील तर भिंतीवर सगळंच लिहायची गरज नाही, त्यांच्या पगाराशी संबंध येतो तेवढं सांगा. बँकेसमोर मात्र कागद पूर्ण न्या. हप्ता चुकल्यावर जाण्यापेक्षा चुकण्याआधी गेलात तर मॅनेजरशी मोकळेपणाने बोलता येतं.

तुमच्या सुटलेल्या दोन पार्ट्यांकडे काही बाकी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर माणसांना बोलवायच्या आधी तो आकडा आणि त्याची तारीख काढून ठेवा, बारा जणांतला कोणीतरी पहिल्यांदा तेच विचारेल.