मोठ्या संरक्षण उत्पादन कंपनीत काम करणे कसे असते? वाहन उद्योगातून तिकडे जावे का?

तुम्ही चाकणच्या एका वाहन कारखान्यात गुणवत्ता विभागात आहात, आणि विमाने, युद्धनौका किंवा तोफा बनवणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीत जाण्यापूर्वी तेथील काम आतून कसे असते आणि गुप्ततेचे नियम किती जाचतात हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझी सगळी नोकरी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझर येथील कारखान्यात, नाशिककर ज्याला नुसते ‘एचएएल’ म्हणतात तेथे, विमानाच्या सांगाड्याची जुळणी तपासण्यात गेली. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते मुख्यतः लढाऊ विमानांच्या कामाविषयी आहे. त्यातील आकडे आणि वर्षे सारी जाहीर झालेली आहेत. जे बोलायचे नाही ते मी येथेही बोलणार नाही.

सर्वांत आधी तुम्हाला वेगाची कल्पना बदलावी लागेल. तुमच्याकडे मिनिटा-दोन मिनिटांनी एक गाडी लाइनवरून उतरते. सुखोई-३० एमकेआय या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानाचे उत्पादन ऐन भरात होते तेव्हा ओझरहून वर्षाला साधारण बारा विमाने बाहेर पडत. एकाच पंखावर तेच चार-पाच कारागीर कित्येक दिवस काम करतात, आणि बंद होणाऱ्या पोकळीत शेवटचा हात घालण्याआधी तपासनिसाला बोलावून आतली प्रत्येक जागा दाखवतात, कारण एकदा पत्रा बसला की ती जागा पुन्हा दिसण्याची वेळ अनेक वर्षांनी येते. वाहन उद्योगात तुम्ही नमुने तपासता आणि प्रक्रियेवर लक्ष ठेवता; येथे प्रत्येक भोक, प्रत्येक रिव्हेट आणि प्रत्येक बोल्टचा टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर यांची नोंद होते, आणि त्या नोंदीखाली कोणाचा तरी शिक्का असतो.

हा शिक्का म्हणजे या नोकरीचा गाभा आहे, असे मला वाटते. तपासनिसाला स्वतःच्या क्रमांकाचा शिक्का मिळतो. रूट कार्डावरील, म्हणजे कामाचे टप्पे क्रमाने नोंदलेल्या कागदावरील, ज्या टप्प्यापुढे तो उमटतो, त्या टप्प्याची जबाबदारी विमान सेवेत असेपर्यंत, म्हणजे तीस-चाळीस वर्षे, त्या क्रमांकाकडे राहते. आमच्यानंतर वैमानिकी गुणवत्ता महासंचालनालयाचे म्हणजे डीजीएक्यूएचे अधिकारी ठरावीक टप्प्यांवर पुन्हा तपासतात. ते संरक्षण मंत्रालयाचे प्रतिनिधी, कंपनीचे नोकर नव्हेत, आणि त्यांची संमती मिळाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. नव्याने आलेल्या मुलांना हा सगळा कागदांचा डोंगर वाटतो, आणि तो डोंगर आहेच. पण दुरुस्तीसाठी विमान परत आले की तोच कागद बोलू लागतो. आम्ही बनवलेली पहिली सुखोई विमाने मोठ्या देखभालीसाठी, म्हणजे ओव्हरहॉलसाठी, ओझरला परतली आणि त्यांचे पत्रे उघडले गेले, तेव्हा जुन्या कार्डांवर मला माझा आणि माझ्या निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांचा क्रमांक दिसला. त्या वेळी जे समाधान वाटले, ते पगाराच्या कोणत्याही वाढीने मला दिलेले नाही.

हातून होणाऱ्या चुकांचा प्रश्नही याच संदर्भात समजून घ्यावा. एखाद्या फिटरकडून भोक दशांश मिलिमीटरने मोठे पडले, तर बाहेरून कोणालाही ते कळणार नाही. रिव्हेट बसेल, रंग लागेल आणि विमान उडेलही. म्हणून सारी व्यवस्था त्या फिटरने स्वतः हात वर करून सांगण्यावर उभी आहे. त्याने सांगितले की काम थांबते, नोंद होते आणि प्रश्न अभियांत्रिकी विभागाकडे जातो. तेथे हिशेब करून पुढच्या मापाचा रिव्हेट वापरण्याची परवानगी मिळते, किंवा तो भागच बाद ठरतो. या परवानगीला शॉपमध्ये, म्हणजे जेथे प्रत्यक्ष जुळणी होते तेथे, ‘कन्सेशन’ म्हणतात. हत्यारांचेही तसेच आहे. प्रत्येक पाना, प्रत्येक ड्रिल क्रमांकाने दिले जाते आणि पाळी संपताना मोजून परत घेतले जाते. एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग बाहेर कोणीही वाट पाहत असो. कंपनी चांगली की वाईट हे ठरवताना मी तिची इमारत किंवा यंत्रे पाहत नाही. चूक कबूल करणाऱ्या कामगाराशी त्याचा फोरमन कसा वागतो, हे पाहतो. जेथे कबुलीला शिक्षा मिळते, तेथे माणसे हळूहळू गप्प बसू लागतात, आणि लढाऊ विमानात त्या गप्प बसण्याची किंमत वैमानिक देतो.

विमान कोसळल्याची बातमी आली की शॉपमध्ये पहिला प्रश्न त्याच्या क्रमांकाचा असतो. ते विमान कोणत्या वर्षी कोणाच्या हातून गेले, हे जुन्या माणसांना आठवत असते. त्याची कागदपत्रे चौकशीसाठी ताब्यात घेतली जातात, आणि कारण पक्ष्याची धडक, इंजिन, हवामान की आणखी काही, हे कळेपर्यंत महिने जातात. त्या महिन्यांत कोणी कोणाला दोष देत नाही आणि कोणाला शांत झोपही लागत नाही. तुम्हाला या क्षेत्रात यायचे असेल, तर हे ओझे नोकरीचाच भाग आहे असे धरून या.

आता ग्राहकाविषयी. तुमच्या कंपनीला लाखो ग्राहक आहेत. येथे जवळजवळ सगळे काम एकाच ग्राहकाचे, म्हणजे सरकारचे असते. सरकारकडून थेट नेमून मिळालेल्या कामात किंमत बहुतांशी खर्च आणि त्यावर ठरावीक नफा अशी ठरते, आणि त्या खर्चात मनुष्यतासांचा हिशेब फार महत्त्वाचा असतो; म्हणून अमुक कामाला इतके तास हे प्रमाण सतत मोजले आणि तपासले जाते. याहून मोठा परिणाम ऑर्डरींच्या चढउताराचा होतो. ओझरचा इतिहासच पाहा. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले, पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, आणि १९६४ मध्ये द्राक्ष-कांद्याच्या या पट्ट्यात मिग-२१ चा कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांची मुले आयटीआय करून फिटर, टर्नर, शीट मेटल कारागीर झाली. मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्यांनंतर मिग-२७ आले. ते संपल्यावर नव्या विमानांचे काम थांबले आणि जुन्या मिग-२१ चे ‘बायसन’मध्ये रूपांतर व देखभाल यांवर कारखाना तगला. २००० च्या डिसेंबरमध्ये रशियाशी १४० सुखोई येथे बनवण्याचा करार झाला, पुढे ती संख्या २२२ वर गेली, आणि ती विमाने पूर्ण होताच पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आणखी १२ सुखोईंची मागणी आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या लाइनवर जुळवलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानाने उड्डाण केले. त्याच्या तीनच आठवडे आधी मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला होता.

या मधल्या रिकाम्या काळांचे गांभीर्य बाहेरच्यांना कळत नाही. पगार चालू राहतो, मग अडचण कोणती, असे विचारले जाते. अडचण हाताची असते. मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यात जर्मन बनावटीच्या ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या बांधल्या गेल्या आणि १९९२ व १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्या. जाड पोलादाचे ते अवघड वेल्डिंग शिकलेली माणसे तयार झाली होती. त्यानंतर पुढच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ उजाडले. तोवर अनेक जण निवृत्त झाले, काही दुसरीकडे गेले, आणि स्कॉर्पीन या फ्रेंच बनावटीच्या पाणबुड्यांच्या वर्गासाठी पुन्हा प्रशिक्षणापासून सुरुवात करावी लागली. त्या वर्गातील पहिली ‘कलवरी’ नौदलात आली ती २०१७ च्या डिसेंबरमध्ये, आणि सहावी ‘वाघशीर’ २०२५ च्या जानेवारीत. कौशल्य गोदामात ठेवता येत नाही. ते एका माणसाच्या हातातून शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात जाते, आणि मधे दहा वर्षे काम नसेल तर शेजारी कोणी उभेच नसते. संरक्षण उत्पादनाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने करारांच्या रकमांपेक्षा या खंडांकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

सगळे आपल्या हातातही नसते. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला, पण त्याचे अमेरिकी एफ-४०४ इंजिन ठरल्या वेळी आले नाही. त्या मागणीतील पहिले इंजिन २०२५ च्या मार्चमध्ये मिळाले. आपल्या वाट्याचा सांगाडा तयार करून इंजिनाची वाट पाहणे हाही या उद्योगातील नेहमीचा अनुभव आहे, आणि उतावळ्या स्वभावाच्या माणसाला तो फार जाचतो.

गुप्ततेबद्दल तुम्ही काळजीने विचारले आहे. चित्रपटात दाखवतात तसे काही नसते. मोबाइल गेटवर ठेवावा लागतो, आपला नसलेला विभाग पाहायला मिळत नाही, आणि घरी जेवताना दिवसभर काय केले हे सांगता येत नाही. आम्ही कंपनीच्या वसाहतीत राहत होतो, तेथे शाळा, दवाखाना, मैदान सारे होते आणि शेजारीही त्याच नियमांत बांधलेले असल्यामुळे न बोलण्याची सवय सहज लागली. पुण्या-मुंबईत, वसाहतीबाहेर राहणाऱ्या तरुणांना ते अधिक जड जाते. अलीकडे समाजमाध्यमांवर अनोळखी व्यक्तींनी मैत्री वाढवून माहिती काढण्याचे प्रकार होतात, आणि त्यात अडकलेल्या कर्मचाऱ्यांना १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली अटक झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. समाजमाध्यमांवरील तुमच्या प्रोफाइलवर तुम्ही कोणत्या प्रकल्पावर काम करता, हे लिहिण्याची सवय असेल तर ती रुजू होण्याआधीच सोडा.

शस्त्र बनवण्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो टाळून उत्तर पुरे होणार नाही. सुखोई सुमारे आठ टन शस्त्रे वाहून नेते. ती कोठे आणि केव्हा वापरायची, हे ठरवणारे आम्ही नव्हतो, पण म्हणून आमचा त्याच्याशी संबंध नाही असे म्हणणे मला खोटेपणाचे वाटते. देशाला हवाई दल हवे, आणि हवे तर ते धडधाकट विमानांचे हवे, या विचारावर मी काम केले आणि आजही तो विचार मला पटतो. माझ्याबरोबरच्या एका गुणी अभियंत्याला तो पटेनासा झाला आणि तो नोकरी सोडून प्रवासी विमानांच्या देखभालीकडे गेला. त्याच्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. ज्याचा मनात निकाल लागलेला नाही, त्याने तो लावून मगच यावे, कारण रोजच्या कामात त्यासाठी सवड मिळत नाही.

सगळ्या कंपन्या एका मापाच्या नाहीत, हेही सांगतो. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील धोका आमच्या धोक्याहून वेगळ्या जातीचा आहे. २०२५ च्या जानेवारीत भंडाऱ्याजवळच्या आयुध निर्माणीतील स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे जाणार असाल तर सुरक्षेचे प्रशिक्षण किती दिवसांचे आणि कोण देते, हे आधी विचारा. खासगी कंपन्यांत कामाची गती अधिक असते. लार्सन अँड टुब्रोने हझिरा येथे १०० ‘के-९ वज्र’ तोफांची मागणी मुदतीआधी पूर्ण केली. सार्वजनिक कंपन्यांत पूर्वीची आयुष्यभराची नोकरी आता सर्वांना मिळत नाही, तंत्रज्ञांच्या बऱ्याच जागा ठरावीक मुदतीच्या कराराने भरल्या जातात. जाहिरातीतील तो शब्द नीट वाचा.

तुमचा गुणवत्ता विभागातील अनुभव येथे नक्की उपयोगी पडेल, विशेषतः मोजमापाची शिस्त. मुलाखतीत संधी मिळाली तर तीन गोष्टी जरूर विचारा: तुम्हाला कोणत्या लाइनवर घेतले जाणार आहे, तिच्याकडे कोणत्या वर्षापर्यंतची मागणी आहे, आणि पहिली दोन वर्षे तुम्हाला प्रत्यक्ष शॉपमध्ये ठेवणार की कार्यालयात. शॉप मिळत असेल आणि पगार आजच्याहून थोडा कमी असेल, तरी मी तुम्हाला जा असेच म्हणेन. कार्यालयात बसून केवळ अहवाल गोळा करण्याचे काम असेल, तर चाकणमध्येच राहून दुसऱ्या संधीची वाट पाहणे बरे.