‘मला विसरण्याचा आजार झालाय का?’

वय १६, अकरावी सायन्स, दहावीला उत्तम गुण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईची तक्रार अशी : मुलगी सकाळी उठल्या उठल्या डायरी उघडते, कालचं सगळं वाचून काढते आणि मगच खोलीबाहेर येते. जागोजागी चिठ्ठ्या चिकटवलेल्या, कपाटाच्या दारावर ‘डायरी वाच’ अशी. दिवसभर एकच पालुपद, ‘आई, काल मी काय म्हणाले होते? मला नीट आठवतंय ना?’ युनिट टेस्टला केमिस्ट्रीचा पेपर जवळजवळ कोरा दिला. वडिलांचं निदान तयारच होतं, ‘ती जपानी कार्टून बघून बघून डोकं फिरलंय.’ त्यांनी मोबाइल काढून घेतला. त्यानंतर प्रश्न थांबले तर नाहीतच, उलट वाढले.

अशी मुलं आणि असे पालक आता समुपदेशनाला वरचेवर येतात. मालिकेचं नाव बदलतं, काळजी तीच असते. मालिकेमुळे खरंच स्मरणशक्ती जाते का? आणि जात नसेल, तर मूल नाटक करतंय का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण एवढ्यावर विषय मिटत नाही.

ती बघत होती ती मालिका म्हणजे २०१४ ची ‘वन वीक फ्रेंड्स’ ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. माचा हाझुकी यांच्या ‘मांगा’वर, म्हणजे जपानी चित्रकथेवर बेतलेली, १२ भागांची. जपानी हायस्कूलमधली काओरी फुजिमिया वर्गात कुणाशी बोलत नाही, कारण दर सोमवारी तिच्या मनातून मित्रमैत्रिणींच्या आठवणी पुसल्या जातात. घरचे आठवतात, गणितं येतात, फक्त मैत्री जाते. युकी हासे हा वर्गमित्र तिला डायरी लिहायला सुचवतो आणि दर सोमवारी नव्याने ‘माझी मैत्रीण होशील?’ असं विचारतो. यामागे शाळकरी वयात मैत्रिणींनी केलेला विश्वासघाताचा आरोप आणि पाठोपाठ झालेला रस्त्यावरचा अपघात आहे. मालिका हळुवार आहे, हाणामारी नाही, अश्लील काही नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी बघितली तरी हरकत नाही, असं आमचं मत.

वैद्यकशास्त्राच्या नजरेने बघितलं तर सोमवारची घंटा ही कथेची सोय आहे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाली, तर नवीन आठवणी साठवणंच अवघड होतं, मग वार कोणताही असो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्यावर अपस्मारासाठी (फिट्ससाठी) शस्त्रक्रिया झाली. त्यात हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला आणि त्यानंतर भेटलेली माणसं त्यांच्या लक्षात राहीनात, काही मिनिटांपूर्वी भेटलेलीही. मानसिक आघातामुळे होणारी विस्मृती वेगळी. ती बहुतेक वेळा मागचं पुसते, स्वतःच्या आयुष्यातला एखादा तुकडा किंवा मोठा काळ. आठवड्याचं वेळापत्रक ती पाळत नाही.

तरी कथेचा परिणाम होतच नाही, असंही म्हणता येत नाही. २०१० साली अमेरिकन संशोधकांनी एका बाईंची केस प्रसिद्ध केली. २००५ च्या मोटार अपघातानंतर त्यांची दिवसभराची स्मृती ठीक असे, पण रात्री झोपलं की तो दिवस पुसला जाई. आदल्या दिवशी दाखवलेल्या गोष्टी त्यांच्या नकळत ‘आजच्या’ म्हणून चाचणीत मिसळल्या, तेव्हा त्या त्यांना बऱ्यापैकी ओळखता आल्या. दुखण्याचा हा साचा २००४ च्या एका हॉलिवूड चित्रपटातून आला असावा, असं संशोधकांनी नोंदवलं. बाई खोटं बोलत नव्हत्या. स्मृती जाते म्हणजे नेमकं कसं होतं, याचं चित्र त्यांच्या मनात चित्रपटाने तयार केलं होतं. वडिलांना हे सांगितल्यावर ‘नाटक’ हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गेला, आणि पुढचं काम सोपं झालं.

मुलीच्या बाबतीत पहिलं काम तपासणीचं. डोक्याला मार लागला होता का? मध्येच एकटक बघत राहणं, ओठ चाळवणं, हाक मारली तर ओ न देणं? नेहमीचा रस्ता चुकणं? दिवसातले काही तास कोरे असणं? यातलं एकही ‘हो’ आलं असतं, तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्ट. इथे सगळी उत्तरं ‘नाही’ होती. फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घेतली, कारण शाकाहारी घरातल्या या वयाच्या मुलींमध्ये बी-१२ कमी असणं नवलाचं नाही आणि थकवा, लक्ष न लागणं हे त्यातूनही येतं. अहवाल ठीक होते. झोप मात्र साडेपाच तास. या वयाला ८ ते १० तास लागतात. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, त्यामुळे कोऱ्या पेपराचा निम्मा उलगडा इथेच झाला.

मग तिला सातव्या भागाची गोष्ट सांगायला सांगितली. तिने प्रसंगामागून प्रसंग सांगितला, कोण कुठे उभं होतं, कोण आधी बोललं, सगळं. तीन आठवड्यांपूर्वी एकदाच बघितलेला भाग! स्मृती शाबूत होती. तिच्यावरचा भरवसा गेला होता.

तो कुठे गेला, हे डायरीत सापडतं. २००३ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट यांनी एक प्रयोग केला. संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी लोकांना पुन्हा पुन्हा, २० वेळा, बंद आहे का ते तपासायला लावली. शेवटी त्यांची आठवण, गॅस असा वारंवार न तपासलेल्या दुसऱ्या गटाइतकीच अचूक निघाली, पण ती त्यांना धूसर वाटू लागली आणि तिच्यावरचा विश्वास घसरला. पडताळा जितका जास्त, तितकी खात्री कमी. काओरीला डायरीची गरज आहे, कारण तिचं खरंच पुसलं जातं. इथे न पुसलेल्या आठवणी रोज सकाळी तपासल्या जात होत्या आणि तपासण्यानेच त्या संशयास्पद ठरत होत्या. आई दर वेळी ‘हो गं, बरोबर आठवतंय तुला’ म्हणत होती, तोही एक पडताळाच.

त्यामुळे डायरी बंद केली नाही, वेळ बदलली. रात्री साडेनऊला, दहा मिनिटं, एक पान. सकाळी वाचायची नाही. रविवारी संध्याकाळी एकदाच सलग वाचायची, आणि वाचण्याआधी आठवड्यातल्या तीन गोष्टी न बघता कागदावर लिहायच्या. चिठ्ठ्या एकदम काढल्या तर घाबरगुंडी उडते, म्हणून दर चार दिवसांनी एक; सगळ्यात कमी धास्ती वाटते ती आधी, कपाटावरची सगळ्यात शेवटी. पहिले पाच-सहा दिवस अस्वस्थता वाढते. हे घरच्यांना आधी सांगावंच लागतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी आई कळवळून डायरी हातात देते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आईला एक ठरलेलं वाक्य दिलं : ‘हा प्रश्न काळजी विचारतेय, तू नाही. याचं उत्तर आज मी एकदा दिलंय.’ रागाने नाही, पोळ्या लाटता लाटता म्हणावं इतक्या सहज. वडिलांनीही तेच वाक्य वापरायचं. एकाने उत्तर दिलं आणि एकाने नाही, तर मूल उत्तर देणाऱ्याकडे जातं.

अभ्यासाला साधी पद्धत. धडा वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग उघडून लाल पेनने भर घालायची. हेच दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्याने ओळखीचं वाटतं, आठवत नाही. परीक्षेत कोरं होण्याचं हे नेहमीचं कारण, ॲनिमे असो वा नसो.

मोबाइल परत द्यायला लावला, अटीसह. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. १२ भाग एका बैठकीत म्हणजे जवळजवळ पाच तास, अर्थात पहाटेचे तीन. रोज दोन भाग, साडेआठच्या आत. आणि दुसरा भाग संपवायचा नाही, मध्यावर थांबवायचा. भागाचा शेवट पुढचा भाग बघायला लावण्यासाठीच रचलेला असतो, मध्यावर थांबणं सोपं जातं. मुलं या युक्तीवर हसतात, पण पाळतात.

आता मालिका का धरून ठेवत होती, ते. ‘तुला त्यातलं काय सगळ्यात आवडतं?’ असं विचारलं की पालकांना वाटतं उत्तर ‘हीरो’ येणार. ती म्हणाली, ‘सोमवार.’ दहावीनंतर तिची जिवलग मैत्रीण कॉमर्सला गेली होती. मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिने तिच्याबद्दल एक खवचट वाक्य लिहिलं, कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला. मैत्रिणीचा ‘तू असं का म्हणालीस?’ हा मेसेज तिथेच पडून होता, उत्तराविना. काओरीच्या सोमवारी मागचं सगळं पुसलेलं असतं आणि समोरचा माणूस स्वतःहून येऊन मैत्री मागतो. हिला नेमकं तेच हवं होतं. विसरण्याची भीती होती हे खरं, पण विसरता आलं तर बरं, हेही त्यात होतं. ते बोलून दाखवल्यावर ती बराच वेळ रडली.

मेसेजचं उत्तर तीन वाक्यांत लिहून घेतलं : मी ते लिहिलं, ते चूक होतं, तुला भेटायचं नसेल तर मी समजू शकते. ‘पण तू पण तेव्हा...’ हे चौथं वाक्य तिने दोनदा घातलं, दोनदा खोडलं. मैत्रीण दहा दिवसांनी भेटली. पूर्वीसारखं झालं नाही, बोलणं मात्र सुरू झालं.

मुलगे या मालिकेतून वेगळंच उचलतात, तेही सांगायला हवं. हासे पहिल्या नकारानंतरही विचारत राहतो, म्हणून आपणही विचारत राहावं, असं काहींना वाटतं. काओरीच्या डायरीत तिच्याच अक्षरात त्याचं नाव आणि ते कसे मित्र झाले ते लिहिलेलं असतं. त्याच्या दर सोमवारच्या प्रश्नाला तिची ती आधीची संमती असते. वर्गातल्या मुलीने ‘नाही’ म्हटलं असेल, तर तिथे डायरी नसते. पुन्हा विचारणं म्हणजे त्रास देणं.

पालक यादी मागतात म्हणून थोडक्यात. ‘गोल्डन टाइम’ (२०१३-१४, २४ भाग) ही पुलावरून पडून हायस्कूलपर्यंतच्या आठवणी गमावलेल्या मुलाची, टोकियोतल्या लॉ कॉलेजमधली गोष्ट. सोळाच्या पुढे ठीक. ‘एफ : अ टेल ऑफ मेमरीज’ (२००७) मधल्या मुलीची स्मृती १३ तासांची. दिसायला देखणी, पण मांडणी अस्वस्थ करणारी आणि विषय प्रौढ. काळजीखोर मुलाने बारावीच्या आत बघू नये.

या मुलीच्या कपाटावरची चिठ्ठी सहाव्या आठवड्यात निघाली. वार्षिक परीक्षेच्या आधी तपासणं पुन्हा डोकं वर काढतं, हे तिला आणि घरच्यांना सांगून ठेवलं आहे. तसं झालं तर पुन्हा रात्रीची डायरी, एक पान, सकाळी वाचन बंद. दोन आठवड्यांत कमी झालं नाही, झोप पुन्हा सहा तासांखाली गेली किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात आला, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. अडनिड्या वेळी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.