परक्या रसदीवर चालणारी यादवी

प्रश्न : एखाद्या देशातील यादवी युद्धात बाहेरचे देश उतरले, तर ते लवकर मिटते की लांबते? राज्यशास्त्रज्ञ हे कशावरून ठरवतात?

उत्तर : बहुधा लांबते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ पॅट्रिक रीगन यांनी १९४५ ते १९९९ या काळातील १५० संघर्ष तपासले. त्यांपैकी १०१ संघर्षांत बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला होता आणि अशा हस्तक्षेपाने युद्धाचा कालावधी सहसा वाढतो, असा निष्कर्ष त्यांनी २००२ मध्ये मांडला. हे आकडे मात्र जपून वाचावेत. मुळातच चिवट असलेल्या युद्धांत बाहेरच्यांना शिरायला अधिक सवड मिळते, त्यामुळे लांबणीचे सगळे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही.

म्हणून मला राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड कनिंगहॅम यांचे विवेचन अधिक उपयोगी वाटते. बाहेरचा देश स्वतःचा वेगळा हेतू घेऊन उतरला, की तडजोडीला आणखी एका पक्षाची संमती लागते; शिवाय लढाईची झळ त्याला फारशी बसत नसल्याने त्याला मिटवण्याची घाईही नसते. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण येथे अपुरी पडते, कारण तिसऱ्याला लाभ होवो न होवो, त्याच्या पैशावर दोघांना भांडण परवडत राहते.

अफगाणिस्तानात हे स्पष्ट दिसले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, तेव्हा त्यांच्या पाठबळावरचे नजीबुल्ला यांचे सरकार काही महिन्यांतच कोसळेल असा अनेकांचा होरा होता. ते तीन वर्षे टिकले, कारण सैन्य गेले तरी पैसा, इंधन, धान्य आणि शस्त्रे येत राहिली. सरकारविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीनांनाही अमेरिका, सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांची मदत मिळतच होती. पुढे दोन्ही महासत्तांनी १ जानेवारी १९९२ पासून शस्त्रपुरवठा थांबवण्याचे ठरवले. सरकारच्या विमानांना इंधन पुरेना, पगारावर बांधलेली अब्दुल रशीद दोस्तम यांची फौज फितूर झाली आणि एप्रिलमध्ये सरकार पडले. युद्ध मात्र थांबले नाही; विजयी गटच काबूलसाठी आपसांत लढू लागले.

रसद तुटली तरी शस्त्र खाली ठेवणाऱ्याच्या जिवाची हमी कोण देणार, हा प्रश्न उरतोच. राज्यशास्त्रज्ञ बार्बरा वॉल्टर यांच्या संशोधनाचा भर नेमका यावर आहे आणि अशी हमी बहुतेक वेळा बाहेरच्यांनाच देता येते, असे त्या दाखवतात. मोझांबिकमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यातील १९९२ च्या रोम करारानंतर ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने दिली; दोन्ही बाजूंचे सैनिक छावण्यांत जमा झाले आणि १९९४ मध्ये निवडणूक पार पडली.