रिले: निरोप तोच, घोडा नवा

प्रश्न: ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी नियंत्रक चिप) आणि वायफायवर चालणारे घरगुती स्विच बनवतो. माहितीपत्रकात ‘रिले’ला मराठी शब्द काय वापरावा?

आधी एक विनंती. ‘रिले वायफायला कनेक्ट होत नाही’, ‘रिलेची रेंज कमी आहे’ ही वाक्यं माहितीपत्रकात येऊ देऊ नका. वायफाय पकडते ती ईएसपी३२ची चिप. रिले म्हणजे बोर्डावरचा, बहुधा निळा, दिवा लावताना ‘टक्’ करणारा ठोकळा. त्याला वायफायचा गंधही नसतो.

‘री’ म्हणजे पुन्हा, ‘ले’ म्हणजे ठेवणे, अशी फोड छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी कोश उघडण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. ‘पुन्हा ठेवणे’ हा इंग्रजीतला निराळाच शब्द. आपला रिले जुन्या फ्रेंचमधला: शिकारीच्या वाटेवर जागोजागी ठेवलेले ताज्या दमाचे कुत्रे. दमलेले मागे राहायचे, नवे सुटायचे. मग तो शब्द टप्प्यावर बदलायच्या घोड्यांना लागला, आणि तारायंत्राबरोबर विजेच्या दुनियेत शिरला. लांबून येणारा प्रवाह क्षीण व्हायचा. त्याने फक्त चुंबक जागा करायचा, पुढची तार नव्या बॅटरीने चालवायची. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने १८३५च्या सुमारास हे करून दाखवलं.

तुमच्या बोर्डावरही तेच चालतं. चिपची ३.३ व्होल्टची पिन ट्रान्झिस्टरला (इवल्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) इशारा देते, ट्रान्झिस्टर रिलेतली ५ व्होल्टची कॉइल चालू करतो, कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं चुंबक होऊन पत्ती ओढते आणि २३० व्होल्टचा दिवा लागतो. पिनमधला प्रवाह दिव्यापर्यंत जातच नाही, जातो तो हुकूम. ‘रिले प्रवाह वाढवतो’ म्हणणारे इथेच चुकतात.

आता खरी गंमत. यासाठी आपल्याकडे शब्द होताच: डाक! डाक म्हटलं की आज पत्रं आठवतात, पण मुळात डाक म्हणजे टप्प्याटप्प्यावर बदलणारी माणसं आणि घोडी. डाकबंगले त्या टप्प्यांवरचेच. डाकेचं मूळ संस्कृत ‘द्राक्’ म्हणजे ‘त्वरेने’ यात शोधणारे आहेत. मला ते पटत नाही. वेग हा डाकेचा परिणाम, तिचा प्राण बदलीत आहे. झिगबीत (घरातली उपकरणं बिनतारी जोडणाऱ्या एका पद्धतीत) तर सतत विजेवर असलेले स्मार्ट प्लग एकमेकांचे निरोप उचलून पुढे देतात. ती साक्षात डाक!

माहितीपत्रकात ‘रिले’च छापा, वायरमनला तोच कळतो. पण प्लगपासून प्लगपर्यंत निरोप नेणाऱ्या जाळ्याला ‘डाक’ म्हणून बघाच.